आपण लिहिलेली क्वेरी, यंत्राने वाचलेली क्वेरी

राजगुरुनगरचा माणूस पत्ता लिहितो तेव्हा त्यात दोन नावं येतात. गाव राजगुरुनगर, तालुका खेड. २४ ऑगस्ट १९०८ रोजी शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म झाला ते भीमेकाठचं खेड. स्वातंत्र्यानंतर गावाला हुतात्म्याचं नाव मिळालं, तालुका मात्र खेडच राहिला. जुनी माणसं अजूनही ‘खेडला जाऊन येतो’ असंच म्हणतात. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातही एक खेड तालुका आहे. त्यामुळे पत्त्यांच्या यादीत नुसतं ‘खेड’ शोधलं तर कोकणातली माणसंही सापडतात, आणि नुसतं ‘राजगुरुनगर’ शोधलं तर आपल्याच आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची निम्मी माणसं सुटतात.

हा गोंधळ माझ्या ओळखीचा, कारण चाकण ते राजगुरुनगर पट्ट्यातल्या लहान कारखान्यांच्या चलनांच्या फायली मी बरीच वर्षं सांभाळल्या आहेत. इथे बजाज ऑटो, फोक्सवॅगन अशा मोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत आणि त्यांच्यामागे लहान शेड्सची मोठी रांग आहे. एका शेडमध्ये भाग कापला जातो, दुसरीकडे त्याला प्लेटिंग होतं, तिसरीकडे हीट ट्रीटमेंट. माल बाहेर गेला की जॉबवर्कचं चलन फाटतं आणि परत आला की नोंद होते. २०१७च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यायला हवा. आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर लागतो. म्हणून कोणाकडे किती नग अडकलेत, ही यादी लहान कारखानदाराच्या दृष्टीने जिव्हाळ्याची. यातल्या कितीतरी शेड्समध्ये ही यादी आजही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एका फायलीतून निघते. कधीकाळी कोण्या होतकरू मुलाने ती बनवून दिलेली असते, आणि तो मुलगा नोकरी बदलून गेलेला असतो.

अशाच एका फायलीसाठी मी एक क्वेरी, म्हणजे फायलीला विचारायचा प्रश्न, लिहिली होती. खेड परिसरातल्या ज्या जॉबवर्कवाल्यांकडे आपला माल बाकी आहे, त्यांची यादी हवी होती. अट अशी: गाव ‘राजगुरुनगर’ किंवा तालुका ‘खेड’, आणि जिल्हा ‘पुणे’, आणि परत आलेले नग पाठवलेल्यापेक्षा कमी, किंवा परतीची तारीख रिकामी. मी ती सहा ओळींत नीट मांडली. प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर, कंस एकाखाली एक. सेव्ह केली. नंतर कोणीतरी डिझाइनच्या, म्हणजे रकान्यांच्या जाळीच्या, खिडकीत ती उघडून, एक रकाना रुंद करून, पुन्हा सेव्ह केली. मी परत एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेरी वाक्यात लिहायच्या, खिडकीत गेलो तेव्हा माझ्या सहा ओळी नव्हत्या. अटींचा एक सलग लांबलचक मजकूर होता, प्रत्येक नावाआधी तक्त्याचं नाव चिकटलेलं, आणि तिहेरी-चौपदरी कंसांचं रान. ‘पुणे’ मी एकदा लिहिलं होतं. आता ते चारदा होतं.

पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं, फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नसते. ॲक्सेस आपलं वाक्य साठवतच नाही. वाक्याचे सुटे केलेले भाग साठवतो.

ॲक्सेसच्या प्रत्येक फायलीत काही तक्ते लपवून ठेवलेले असतात. त्यातल्या एकाचं नाव एमसिस्क्वेरीज. आपण क्वेरी सेव्ह केली की तिचे भाग पाडून या तक्त्यात ओळीओळीने ठेवले जातात. एक ओळ सांगते की ही निवडीची क्वेरी आहे की दुरुस्तीची. कोणते तक्ते घ्यायचे त्यांच्या वेगळ्या ओळी. कोणते रकाने दाखवायचे, तक्ते एकमेकांना कशाने जोडायचे, गाळणीची अट कोणती, गट कशावर पाडायचे, क्रम कशाचा, या प्रत्येकाला आपला क्रमांक असतो. रकान्यांचा क्रमांक ६, जोडणीचा ७, अटीचा ८, क्रमवारीचा ११. सुरुवातीला ० आणि शेवटी २५५. आपण पुन्हा क्वेरी उघडतो तेव्हा ॲक्सेस हे भाग गोळा करतो आणि स्वतःच्या सवयीप्रमाणे वाक्य नव्याने रचतो. आपण कुठे ओळ तोडली होती, कुठे जागा सोडली होती, हे लिहून ठेवायला त्या तक्त्यात खणच नाही. जे मांडून ठेवलं नाही ते परत कुठून येणार?

खेडच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्याकडे माणूस कसा बोलतो ते आठवा. ‘माझ्या बांधाचा दगड त्यानं उपटला, दोनदा सांगितलं, ऐकत नाय.’ अर्जात उतरतं: ‘सदर मिळकतीचे पूर्वेकडील हद्दीची निशाणी सामनेवाले यांनी काढून टाकलेली आहे.’ मतलब तोच. माणसाचे शब्द, त्याचा जोर, त्याचा राग मात्र गळून जातो, कारण कचेरीला लागणाऱ्या मांडणीत त्याला रकाना नाही. ॲक्सेस आपल्या क्वेरीचं असंच करतो. कचेरीत जबाब घेतला की त्याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं, की मला तो वाचून दाखवला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. पुन्हा रचलेली क्वेरी म्हणजे यंत्राने वाचून दाखवलेला आपला जबाब, असं मी मानतो. कंसांचं ते रान पाहून कंटाळून खिडकी बंद करणारा माणूस जबाब न वाचताच अंगठा उठवतो.

अशी सोय केलीच का, याचं उत्तर थोडं मागे जाऊन मिळतं. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवायची कल्पना मांडली. १९७४ मध्ये आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तिच्यासाठी इंग्रजीसारखी वाचता येणारी भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. त्याच दशकात आयबीएममध्येच मोशे झ्लूफ यांनी वेगळी वाट काढली: माणसाला वाक्य लिहायला लावूच नका, रिकामा तक्ता समोर ठेवा आणि हवं ते त्यात उदाहरणादाखल भरू द्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये ॲक्सेस बाजारात आला तो या दोन्ही वाटा एकत्र घेऊन. एका खिडकीत रकान्यांची जाळी, दुसऱ्या खिडकीत एसक्यूएल, आणि दोन्हींच्या मागे क्वेरी एकच. एकच गोष्ट दोन रूपांत दाखवायची तर ती कोणत्याही एका रूपाच्या मजकुरात अडकून राहून चालत नाही. म्हणून भाग साठवले. ज्या कारकुनाने आयुष्यात एसक्यूएलचं एक वाक्य लिहिलं नाही, तो या जाळीच्या जोरावर दहा मिनिटांत यादी काढतो. चाकणच्या शेड्समध्ये हे मी रोज पाहिलं आहे, आणि त्या सोयीची किंमत म्हणून आपली सुबक मांडणी गेली तर मला तो सौदा मान्य आहे. फक्त सौदा काय झाला ते माहीत असावं.

आता ‘पुणे’ चारदा का आलं ते पाहू. डिझाइनच्या जाळीत अटी लिहायचा नियम सरळ आहे. एकाच आडव्या ओळीतल्या अटी ‘आणि’ने जोडलेल्या, वेगवेगळ्या ओळींतल्या ‘किंवा’ने. म्हणजे जाळीला एकाच घाटाचं वाक्य कळतं: हे आणि हे आणि हे, किंवा हे आणि हे आणि हे. एकाच रकान्यात दोन पर्याय असतील तर ते एका चौकटीत बसतात. पण माझ्या अटीत ‘किंवा’च्या दोन्ही बाजूंना वेगळे रकाने होते, एकीकडे गाव, दुसरीकडे तालुका. ते एका ओळीत बसत नाहीत. मग ॲक्सेस शाळेतल्या बीजगणितासारखा कंस सोडवतो. दोन-दोन पदांच्या दोन कंसांचा गुणाकार सोडवला की चार पदं येतात, तशा दोन जोड्यांच्या चार ओळी झाल्या. राजगुरुनगर, पुणे, नग कमी. राजगुरुनगर, पुणे, तारीख रिकामी. खेड, पुणे, नग कमी. खेड, पुणे, तारीख रिकामी. आणखी एक जोडी असती तर आठ ओळी झाल्या असत्या. तर्काच्या दृष्टीने यात काडीचाही फरक पडलेला नाही. जी माणसं आधी यादीत येत होती तीच नंतरही येतात.

धोका पुढच्या माणसाला असतो. काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, बंद झालेले वेंडर यादीतून काढा. क्वेरी उघडली जाते, ‘स्थिती’ या रकान्याखाली पहिल्या ओळीत ‘चालू’ लिहिलं जातं आणि सेव्ह होतं. चारपैकी एकाच ओळीला नवी अट लागली. उरलेल्या तिन्ही ओळी बंद वेंडरांना आत घेतच राहतात. यादी थोडी लहान होते, त्यामुळे अट लागू झाली असं वाटतं, आणि चूक दिसतच नाही. आमच्याकडे हे घडलं होतं. दुरुस्ती सोपी होती. ‘चालू’ चारही ओळींत लिहायचं. त्याहून बरं म्हणजे आधी जिल्हा आणि स्थिती यांची गाळणी लावणारी एक छोटी क्वेरी वेगळी सेव्ह करायची, आणि ‘किंवा’ची भानगड तिच्यावर उभ्या केलेल्या दुसऱ्या क्वेरीत ठेवायची. तेव्हापासून मी एका क्वेरीत ‘किंवा’च्या दोन जोड्या येऊ देत नाही. खेडच्या गोंधळावर तर आणखी सरळ उपाय निघाला. गाव-तालुक्याऐवजी पिन कोडने गाळायचं. राजगुरुनगरचा ४१०५०५, चाकणचा ४१०५०१. हुतात्म्याचं नाव, जुनं नाव आणि कोकणातलं खेड, सगळ्यांची वाट तिथे आपोआप वेगळी होते.

जाळीची आणखी एक खोड आहे. एखादा रकाना जाळीत आणून त्याची ‘दाखवा’ची खूण काढली आणि त्यावर ना अट लावली, ना क्रम, तर पुढच्या वेळी क्वेरी उघडल्यावर तो रकाना तिथे नसतो. ‘गाडीचा नंबर पुढे लागेल’ म्हणून ठेवलेला रकाना असा जातो. कारण पुन्हा तेच. जो रकाना दाखवायचा नाही, ज्याने गाळायचं नाही आणि ज्याने क्रमही लावायचा नाही, त्याचा एसक्यूएलच्या वाक्यात उल्लेखच नसतो. अट असेल तर रकाना टिकतो, पण उजव्या टोकाला ढकलला जातो.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र तारखांकडे द्यावं. कारण इथे नुसती मांडणी जात नाही, आपल्या हिशोबाचं वर्षच सरकू शकतं.

डिझाइनच्या जाळीत आपण तारीख लिहितो ती विंडोजच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे वाचली जाते. भारतीय मांडणीत आधी दिवस, मग महिना. तिथे ०१/०४/२०२३ म्हणजे १ एप्रिल. एसक्यूएलच्या खिडकीत मात्र दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी रीतीने वाचली जाते, आधी महिना, मग दिवस. तिथे तोच मजकूर म्हणजे ४ जानेवारी. आता आर्थिक वर्षाची क्वेरी थेट एसक्यूएलच्या खिडकीत लिहा: ०१/०४/२०२३ पासून ३१/०३/२०२४ पर्यंत. पहिली तारीख ४ जानेवारी २०२३ झाली. दुसरीत ३१ हा महिना असू शकत नाही, म्हणून ॲक्सेस चूक न दाखवता आकडे उलटे लावतो आणि ३१ मार्च २०२४ समजतो. शेवट बरोबर, सुरुवात चुकलेली. वर्षाच्या यादीत आधीच्या वर्षाचे जवळजवळ तीन महिने शिरले. बेरीज फुगते, आणि शेवटच्या पानावरची मार्चची चलनं बरोबर दिसत असल्याने संशय येत नाही. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखांना हा धोका आहे (१/१, २/२ अशा सारख्या आकड्यांच्या सोडून), १३ पासून पुढे नाही. म्हणूनच ही चूक कधी दिसते, कधी लपते.

आणि इथेच यंत्राने वाचून दाखवलेला जबाब कामाला येतो. तीच क्वेरी डिझाइनच्या खिडकीत नेली की भारतीय मांडणीच्या संगणकावर ती ०४-०१-२०२३ आणि ३१-०३-२०२४ अशी दिसते. परत एसक्यूएलमध्ये आणली की आकड्यांपुढचं शून्य झटकून १/४/२०२३ आणि ३/३१/२०२४. दुसरी तारीख आपण लिहिल्यापेक्षा उलटी झालेली, पहिली जशीच्या तशी. एकाच क्वेरीतल्या दोन तारखांपैकी एकच उलटली, हे दिसलं की चूक हातात सापडते. ॲक्सेसने आपला मजकूर जसाच्या तसा जपला असता तर ही विसंगती कधी डोळ्यांपुढे आलीच नसती. मी लिहिलं होतं ते मला बरोबरच वाटत राहिलं असतं.

यावर पक्का उपाय म्हणजे तारीख मजकुरात लिहूच नये. डेटसिरियल हे फंक्शन वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे वेगवेगळे घेतं: २०२३, ४, १. कोणत्याही मांडणीच्या संगणकावर त्याचा अर्थ बदलत नाही, आणि खिडक्या बदलल्या तरी ते तसंच राहतं. वर्ष आधी लिहून २०२३-०४-०१ असं दिलं तरी चालतं. पण डिझाइनमधून फिरून आलं की ते पुन्हा अमेरिकी रूपात दिसतं, त्यामुळे पुढच्या वाचणाऱ्याला गोंधळ उरतोच.

पुन्हा रचलेलं वाक्य कधीकधी यंत्राला स्वतःलाच वाचता येत नाही, आणि तेवढं मात्र खरं दुखणं आहे. एका क्वेरीच्या पोटात दुसरी क्वेरी लिहून तिला तक्त्यासारखं वापरता येतं. ॲक्सेसच्या जुन्या आवृत्त्या अशा पोटक्वेरीभोवतीचे गोल कंस काढून चौकोनी कंस आणि एक टिंब लावून ठेवत. चौकोनी कंसात चौकोनी कंस चालत नाही. आणि आपल्याकडे रकान्यांची नावं ‘चलन क्रमांक’, ‘परत तारीख’ अशी दोन शब्दांची, म्हणून त्यांना चौकोनी कंस लागतातच. सेव्ह केलेली क्वेरी चालत असते, पण तिच्यात एक अक्षर बदलायला गेलं की कंस चुकल्याची तक्रार येते. पोटक्वेरीला आपण नाव दिलं नसेल तर टक्के, डॉलर, हॅश अशा चिन्हांनी सुरू होणारं एक नाव ॲक्सेस स्वतःच ठेवतो, ते पाहून नवखा माणूस घाबरतो. दोन्हीवर उतारा तोच जो मी वर सांगितला: पोटातली क्वेरी बाहेर काढून वेगळी सेव्ह करायची आणि नावाने बोलवायची. रकान्यांची नावं ‘चलन_क्रमांक’ अशी जोडून ठेवायची. अक्षरं मराठी असायला काही हरकत नाही; ॲक्सेस २००० पासून युनिकोड चालतं.

जे जाळीत दाखवताच येत नाही ते सांभाळून हाताळावं. दोन याद्या एकाखाली एक जोडणारी युनियन क्वेरी डिझाइनमध्ये उघडतच नाही. ‘पेक्षा मोठं’ किंवा ‘च्या दरम्यान’ अशा अटीवर तक्ते जोडले असतील, उदाहरणार्थ चलनाची तारीख ज्या दराच्या मुदतीत बसते तो दर घ्यायचा, तर डिझाइनमध्ये जाताना ही जोडणी दाखवता येत नाही असा इशारा येतो. तिथे थांबावं आणि काही सेव्ह न करता बाहेर यावं. अशी जोडणी असलेल्या क्वेरीच्या नावातच मी ‘फक्त_एसक्यूएल’ असं लिहितो. सर्व्हरकडे थेट जाणारी पास-थ्रू क्वेरी याला अपवाद आहे. तिचे भाग पाडण्याच्या फंदात ॲक्सेस पडत नाही, मजकूर आहे तसा ठेवतो.

हे फक्त ॲक्सेसचं आहे असं समजू नये. मोठ्या सर्व्हरवर चालणारं पोस्टग्रेस आपला व्ह्यू, म्हणजे सेव्ह केलेली क्वेरी, असाच भाग करून साठवतं आणि विचारल्यावर पुन्हा रचून दाखवतं. टिपा आणि मांडणी जाते, ‘सगळे रकाने’ असं लिहिलेलं असेल तर त्या दिवशी असलेल्या रकान्यांची नावं तिथे कायमची बसतात. नंतर तक्त्यात नवा रकाना घातला तर तो व्ह्यूमध्ये येत नाही. मायएसक्यूएल नावांना अवतरणं आणि आधी डेटाबेसचं नाव लावून ठेवतं. उलट, फोनमध्येही असणारं एसक्यूलाइट व्ह्यूचं वाक्य मजकूर म्हणूनच जपतं आणि लागेल तेव्हा वाचतं. लिब्रेऑफिसच्या बेसमध्ये निवड आपल्या हातात आहे. ‘एसक्यूएल थेट चालवा’ हे बटण दाबलं की मजकूर जसाच्या तसा पुढे जातो, फक्त मग जाळीची खिडकी मिळत नाही. मायक्रोसॉफ्टनेही अलीकडे ३६५च्या ॲक्सेसमध्ये एसक्यूएलसाठी नवा संपादक दिला आहे, मांडणी आणि टिपा जपणारा. पण आमच्या पट्ट्यातल्या शेड्समध्ये २००७ आणि २०१० चा ॲक्सेस अजून नेटाने चालतो, तिथे हा संपादक पोचायला वेळ आहे.

तोवर मूळ वाक्य आपणच जपायचं. मी प्रत्येक फायलीत ‘क्वेरी_नोंद’ नावाचा एक तक्ता ठेवतो. क्वेरीचं नाव, कोणासाठी केली, कधी बदलली, आणि लांब मजकुराच्या रकान्यात माझ्या सहा ओळी, जशा लिहिल्या तशा. क्वेरीच्या गुणधर्मांमध्ये वर्णनाची एक जागा असते, तिथे २५५ अक्षरं मावतात. ‘अट बदलताना चारही ओळी बदला’ एवढं सांगायला ती पुरते. आणि महिन्यातून एकदा, फाइल कॉम्पॅक्ट करण्याआधी, चार ओळींचा एक व्हीबीए लूप सगळ्या क्वेरींचं एसक्यूएल काढून साध्या टेक्स्ट फायलीत ओततो. गेल्या महिन्याची फाइल शेजारी ठेवली की कोणत्या क्वेरीला कोणी हात लावला ते लगेच कळतं.

मार्च संपला की सहा ओळींच्या क्वेरीवाल्या त्या कारखान्यातली हिशोबाची ताई आणि मी नव्या वर्षाच्या क्वेरी उघडून बसतो. ती जाळीची खिडकी वाचते, मी एसक्यूएलची. ती म्हणते, ‘एक एप्रिल.’ माझ्या पडद्यावर डेटसिरियलच्या कंसात वर्ष, मग चार, मग एक. मी म्हणतो, ‘चौथा महिना, पहिली तारीख.’ मग ती पुढची अट वाचते.